जालस्विच : आज्ञापंक्तीद्वारे व्यवस्थापन

संगणक-जालातील स्विच या उपकरणाशी मजकुराच्या स्वरूपात संवाद साधून त्याची मांडणी ठरविणे, त्याची स्थिती तपासणे व त्यातील दोष दूर करणे या क्रियेला आज्ञापंक्तीद्वारे व्यवस्थापन म्हणतात. स्विच हे उपकरण एकाच इमारतीतील वा परिसरातील अनेक संगणक, मुद्रक, दूरध्वनी इ. साधने परस्परांशी जोडते. प्रत्येक पोर्टवर (जोडणीच्या द्वारावर) येणाऱ्या चौकटीतील प्रेषकाचा पत्ता वाचून ते आपली सारणी स्वतःच तयार करते आणि पुढील चौकटी केवळ योग्य त्या पोर्टकडे पाठविते. त्यामुळे साधा स्विच कोणतीही आज्ञा न देता काम करू शकतो. तथापि मोठ्या जालाचे विभाग पाडणे, विशिष्ट पोर्ट बंद करणे, वाहतुकीचे मोजमाप करणे व अनधिकृत जोडणी रोखणे यांसाठी व्यवस्थापनक्षम स्विच लागतो. अशा स्विचला स्वतःचा पडदा किंवा कळफलक नसतो. त्यामुळे त्याच्याशी संवाद साधण्यासाठी बाहेरील संगणक त्याला जोडावा लागतो. ही जोडणी दोन प्रकारे होते : (१) कन्सोल पोर्टमधून थेट तारेने आणि (२) खुद्द जालामधून दूरस्थपणे. या दोन मार्गांतील फरक, त्यांची बलस्थाने व त्यांतील धोके यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. आज्ञांची उदाहरणे सिस्को कंपनीच्या कॅटॅलिस्ट मालिकेतील स्विचांवरून घेतली आहेत. इतर अनेक उत्पादकांच्या स्विचांमध्ये आज्ञांचे शब्द काहीसे भिन्न असले, तरी तत्त्व तेच असते.

इतिहास : आज्ञापंक्तीची पद्धत स्विचपेक्षा बरीच जुनी आहे. संगणकाशी संवाद साधण्यासाठी प्रारंभी दूरमुद्रक वापरीत. वापरणारा एक ओळ टंकलिखित करी व संगणक तिचे उत्तर कागदावर छापून देई. पुढे कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीने १९७८ मध्ये बाजारात आणलेले व्हीटी १०० हे अग्रयंत्र (टर्मिनल) इतके रूढ झाले की, त्याचे नियम पाळणारे कार्यक्रम आजही वापरात आहेत. अशी यंत्रे जोडण्यासाठी लागणारे विद्युतीय मानक इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशन या संस्थेने १९६० मध्ये प्रसिद्ध केले. ते आरएस-२३२ या नावाने ओळखले जाते. त्याची ‘सी’ ही सुधारित आवृत्ती १९६९ मध्ये निघाली.

ईथरनेट ही जालपद्धती झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ च्या सुमारास विकसित झाली. तिच्यातील सर्व संगणक प्रारंभी एकाच सामाईक तारेवर असत. पहिला व्यापारी ईथरनेट स्विच कल्पना या कंपनीने १९९० मध्ये तयार केला. या कंपनीच्या संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे उद्योजक असून कंपनीचे नाव त्यांच्या पत्नीच्या नावावरून ठेवण्यात आले होते. ही कंपनी सिस्कोने १९९४ मध्ये विकत घेतली. स्विच हे असे तुलनेने अलीकडचे उपकरण असूनही त्याच्या व्यवस्थापनासाठी दूरमुद्रकाच्या काळातील ओळीओळीने बोलण्याचीच रीत स्वीकारण्यात आली. मजकुराला अत्यल्प साधनसामग्री लागते, तो मंद जोडणीवरूनही जातो, त्याची नोंद ठेवता येते आणि एकदा लिहिलेल्या आज्ञा दुसऱ्या स्विचवर जशाच्या तशा वापरता येतात, ही त्यामागील कारणे होत.

कन्सोल जोडणी : नव्या स्विचला जालातील पत्ता (आयपी पत्ता) दिलेला नसतो. त्यामुळे बहुधा पहिली जोडणी कन्सोल पोर्टमधूनच करावी लागते. हे पोर्ट पुष्कळ स्विचांवर आठ संपर्कांच्या आरजे-४५ खोबणीच्या स्वरूपात असते. ईथरनेटच्या पोर्टांचाही आकार हाच असल्याने नवशिक्याकडून जालाची तार कन्सोल पोर्टमध्ये बसविली जाण्याची चूक वारंवार घडते. दोहोंचा आकार सारखा असला, तरी विद्युत् संकेत पूर्णतः भिन्न असतात. कन्सोल पोर्टवर आरएस-२३२ मानकानुसार अनुक्रमिक (एकामागून एक बिट पाठविणारे) संदेशवहन चालते. त्यात +३ ते +१५ व्होल्ट हा दाब ० हा अंक आणि -३ ते -१५ व्होल्ट हा दाब १ हा अंक दर्शवितो.

या जोडणीसाठी उलटसुलट तारांची चपटी केबल वापरतात. ती बहुधा फिकट निळ्या रंगाची असते. तिच्या एका टोकाचा १ क्रमांकाचा संपर्क दुसऱ्या टोकाच्या ८ क्रमांकाशी, २ क्रमांकाचा ७ शी, ३ क्रमांकाचा ६ शी अशा क्रमाने जोडलेला असतो. एका बाजूचा प्रेषक दुसऱ्या बाजूच्या ग्राहकाला मिळावा, हा त्यामागील हेतू होय. संगणकाच्या बाजूस पूर्वी नऊ संपर्कांचे अनुक्रमिक पोर्ट असे. ते आता बहुतेक संगणकांवर आढळत नाही. म्हणून यूएसबी व अनुक्रमिक पोर्ट यांमधील परिवर्तक वापरावा लागतो. अलीकडील अनेक स्विचांवर आरजे-४५ च्या जोडीला यूएसबी कन्सोल पोर्टही असते.

संगणकावर अग्रयंत्राचे अनुकरण करणारा कार्यक्रम (उदा., पुटी, टेराटर्म किंवा लिनक्सवरील मिनिकॉम) चालवून त्यात जोडणीचे पाच घटक निश्चित करतात. ते सामान्यतः असे असतात : वेग सेकंदास ९,६०० बिट, माहितीचे ८ बिट, समता बिट नाही, समाप्तीचा १ बिट आणि प्रवाहनियंत्रण नाही. या जोडणीत दोन्ही बाजूंना सामाईक असे घड्याळ नसते. प्रत्येक अक्षराच्या आरंभी येणाऱ्या प्रारंभ बिटावरून ग्राहक आपले मोजमाप सुरू करतो व ठराविक अंतराने दाब तपासतो. म्हणूनच दोन्ही बाजूंचा वेग तंतोतंत जुळवून घ्यावा लागतो. वेग चुकल्यास ग्राहक भलत्याच क्षणी दाब वाचतो आणि पडद्यावर अर्थहीन चिन्हे उमटतात. अशी चिन्हे दिसणे म्हणजे तार बहुधा ठीक असून केवळ वेग चुकला आहे, असे अनुभवी तंत्रज्ञ समजतो. याउलट पडदा पूर्णपणे कोरा राहिल्यास तार, परिवर्तक किंवा निवडलेले पोर्ट यांपैकी काहीतरी चुकलेले असण्याची शक्यता अधिक असते. तसेच एंटर कळ दाबल्याखेरीज चालू स्थितीतील स्विच स्वतःहून काहीही लिहीत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

एका अक्षरासाठी प्रारंभ, माहिती व समाप्ती मिळून १० बिट लागतात. त्यामुळे सेकंदास ९,६०० बिट या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरे जातात. चोवीस ओळी व प्रत्येक ओळीत ८० अक्षरे असा पूर्ण भरलेला पडदा १,९२० अक्षरांचा असतो व तो उमटण्यास दोन सेकंद लागतात. आजच्या मानाने हा वेग अत्यंत मंद आहे. तरीही कन्सोल जोडणीचे महत्त्व कमी झालेले नाही. जालावर ती मुळीच अवलंबून नसल्याने जाल बंद पडले असतानाही ती उपलब्ध असते. स्विच सुरू होताना स्मृतीची तपासणी, कार्यकारी प्रणालीचा शोध इ. टप्प्यांचे संदेशही प्रामुख्याने याच मार्गाने दिसतात, कारण त्या वेळी स्विचची जाल-यंत्रणा अद्याप उभी राहिलेली नसते.

आज्ञांच्या पातळ्या : जोडणी झाल्यावर स्विच आपले नाव व त्यापुढे एक चिन्ह दाखवितो. या चिन्हावरून वापरणारा कोणत्या पातळीवर आहे, ते कळते. ‘>’ हे चिन्ह सामान्य पातळी दर्शविते. तेथे केवळ काही स्थितिदर्शक आज्ञा चालतात. ‘एनेबल’ ही आज्ञा व तिचा परवलीचा शब्द दिल्यावर ‘#’ हे चिन्ह येते. ही अधिकारयुक्त पातळी होय. येथे संपूर्ण मांडणी पाहता येते व स्विच पुन्हा सुरू करता येतो. त्यानंतर ‘कॉन्फिगर टर्मिनल’ ही आज्ञा दिली असता मांडणी बदलण्याच्या पातळीत प्रवेश होतो आणि तेथून एखादे पोर्ट किंवा जालविभाग निवडून त्यापुरते बदल करता येतात. पाहण्याचा अधिकार व बदलण्याचा अधिकार यांची अशी फारकत केल्याने नकळत होणाऱ्या चुका कमी होतात. प्रश्नचिन्ह टंकलिखित केल्यास त्या पातळीवर उपलब्ध असलेल्या आज्ञांची यादी मिळते, तर टॅब कळ दाबल्यास अर्धवट लिहिलेला शब्द पूर्ण होतो.

येथे एक भेद महत्त्वाचा आहे. दिलेली आज्ञा तत्काळ अमलात येते. परंतु ती स्विचच्या चालू स्मृतीतच राहते. वीजपुरवठा खंडित झाल्यास ही स्मृती पुसली जाते. बदल टिकवायचा असल्यास चालू मांडणीची प्रत स्थायी स्मृतीतील प्रारंभ-मांडणीत उतरवावी लागते. हे न केल्यामुळे अनेक महिने सुरळीत चाललेले जाल वीज जाऊन आल्यावर जुन्या मांडणीवर परत गेल्याचे प्रसंग घडतात. उलटपक्षी हाच गुण पुढे सांगितल्याप्रमाणे सुरक्षेचा उपाय म्हणूनही उपयोगी पडतो.

दूरस्थ जोडणी : स्विच अनेक मजल्यांवर वा अनेक इमारतींत विखुरलेले असल्यास प्रत्येकापाशी जाऊन तार जोडणे अव्यवहार्य ठरते. त्यासाठी स्विचला व्यवस्थापनापुरता एक पत्ता देतात. दुसऱ्या स्तरावर काम करणाऱ्या स्विचच्या बाबतीत हा पत्ता कोणत्याही एका पोर्टला नसून एका आभासी जालविभागाला (व्हीलॅनला) दिलेला असतो. कॅटॅलिस्ट स्विचांत मुळात १ क्रमांकाचा विभाग तयारच असतो व सर्व पोर्ट त्यातच असतात. त्यामुळे व्यवस्थापनासाठी स्वतंत्र विभाग राखून ठेवणे अधिक सुरक्षित समजले जाते. दुसऱ्या उपजालातून स्विचशी बोलायचे असल्यास त्याला प्रवेशद्वाराचा (गेटवेचा) पत्ताही सांगावा लागतो. तो दिला नसेल, तर विनंती स्विचपर्यंत पोहोचते, पण स्विचचे उत्तर परत येऊ शकत नाही. ‘त्याच मजल्यावरून जोडणी होते, पण दुसऱ्या इमारतीतून होत नाही’ अशा तक्रारीचे हे एक नेहमीचे कारण होय.

दूरस्थ जोडण्यांसाठी स्विचमध्ये ‘व्हीटीवाय’ या नावाच्या आभासी अग्रमार्गिका असतात. कॅटॅलिस्ट स्विचांत त्या सामान्यतः ० ते १५ अशा सोळा असून तितक्या जोडण्या एका वेळी होऊ शकतात. मार्गिकेवर परवलीचा शब्द तपासण्याचे बंधन असून तो शब्द ठरविलेलाच नसेल, तर स्विच जोडणी नाकारतो. त्याचप्रमाणे अधिकारयुक्त पातळीचा परवलीचा शब्द ठरविलेला नसल्यास दूरवरून त्या पातळीत जाता येत नाही. कन्सोलवरून मात्र जाता येते. उपकरणापाशी प्रत्यक्ष उभ्या असलेल्या व्यक्तीवर स्विच अधिक विश्वास ठेवतो, असे या रचनेचे मूळ गृहीतक आहे.

टेलनेट आणि त्यातील उणीव : दूरस्थ जोडणीची जुनी पद्धत म्हणजे टेलनेट. तिचे मूळ १९६९ मध्ये आर्पानेट या अमेरिकी जालाच्या प्रारंभकाळात असून तिचे रूढ मानक मे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिला २३ हा पोर्ट क्रमांक दिलेला आहे. ही पद्धत टंकलिखित केलेली अक्षरे जशीच्या तशी, कोणतेही कूटलेखन न करता पाठविते. परवलीचा शब्द पडद्यावर उमटत नसला, तरी तारेवरून तो उघडाच जातो. मार्गातील एखाद्या संगणकावर वाहतूक टिपणारा कार्यक्रम बसविल्यास तो शब्द सहज वाचता येतो. जालातील सर्व संगणक परस्परांवर विश्वास ठेवणाऱ्या मोजक्या संशोधन संस्थांचे होते, त्या काळात ही उणीव फारशी जाणवली नाही. आज मात्र एका स्विचचा परवलीचा शब्द परक्याच्या हाती पडणे म्हणजे त्यामागील सर्व साधनांची वाहतूक त्याच्या अधीन होणे होय. मार्च २०१७ मध्ये सिस्कोने जाहीर केलेल्या एका दोषामुळे हा धोका ठळकपणे पुढे आला. तीनशेहून अधिक प्रकारच्या स्विचांमध्ये टेलनेटवरील जोडणी स्वीकारणाऱ्या भागात त्रुटी आढळली व परवलीच्या शब्दावाचूनही स्विचचा ताबा घेणे शक्य असल्याचे दिसून आले. टेलनेट बंद करून एसएसएच वापरावे, असा सल्ला त्या वेळी कंपनीने दिला.

एसएसएच : ही पद्धत फिनलंडमधील हेल्सिंकी तंत्रविद्या विद्यापीठातील टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केली. विद्यापीठाच्या जालात परवलीचे शब्द चोरण्याचा प्रकार घडल्यावर तिची निर्मिती झाली. तिला २२ हा पोर्ट क्रमांक मिळाला. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे मानक जानेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाले व आता तीच वापरली जाते. तिच्यात तीन गोष्टी साधतात : दोन्ही बाजू प्रथम एक सामाईक गुप्त किल्ली ठरवितात व पुढील सर्व मजकूर तिने कूटबद्ध करतात, मार्गात मजकुरात फेरफार झाल्यास तो उघडकीस येतो, आणि स्विच स्वतःच्या कायम किल्लीच्या आधारे आपली ओळख पटवून देतो.

स्विचवर ही सोय सुरू करण्याचा क्रम पुढीलप्रमाणे असतो : (१) स्विचला स्वतंत्र नाव व क्षेत्रनाम (डोमेन नाव) देणे, किल्लीला नाव देण्यासाठी त्यांची गरज असते, (२) आरएसए पद्धतीची किल्लीजोडी निर्माण करणे, तिची लांबी किमान २,०४८ बिट ठेवणे इष्ट, (३) वापरणाऱ्याचे नाव व परवलीचा शब्द नोंदविणे, (४) एसएसएचची दुसरी आवृत्ती निश्चित करणे, (५) अग्रमार्गिकांवर नाव व परवलीचा शब्द तपासण्याची आज्ञा देणे व केवळ एसएसएचलाच प्रवेश देणे, (६) कन्सोलची जोडणी न सोडता दुसऱ्या संगणकावरून एसएसएच जोडणी करून पाहणे, (७) ती यशस्वी झाल्यावरच मांडणी स्थायी स्मृतीत उतरविणे.

पहिल्या जोडणीच्या वेळी संगणक स्विचच्या किल्लीचा संक्षिप्त ठसा दाखवून तो मान्य आहे काय, असे विचारतो. पुष्कळ लोक तो न वाचताच मान्य करतात. मात्र कूटलेखन कितीही भक्कम असले, तरी ते कोणाशी चालले आहे याची खात्री या एका प्रश्नावरच अवलंबून असते. मधल्यामध्ये एखाद्या तोतया यंत्राने स्विचची जागा घेतली असल्यास सारी गुप्तता त्या तोतयाशीच राखली जाते. त्यामुळे कन्सोलवरून किल्ली निर्माण करतानाच तिचा ठसा टिपून ठेवावा व पहिल्या जोडणीच्या वेळी तो ताडून पाहावा. पुढे कधी ठसा बदलल्याचा इशारा आल्यास स्विच बदलला आहे, किल्ली नव्याने तयार केली आहे की काही घातपात आहे, याचा शोध घेतल्याखेरीज परवलीचा शब्द देऊ नये.

जोडणी तुटण्याचा धोका : दूरस्थ व्यवस्थापनात ज्या मार्गाने आज्ञा जातात, तोच मार्ग आज्ञेने बदलता येतो. जालविभागाचा क्रमांक, पत्ता किंवा वरच्या स्विचकडे जाणारे पोर्ट यांविषयी एक चुकीची आज्ञा दिली, तर त्याच क्षणी जोडणी तुटते व चूक दुरुस्त करण्याचा मार्गही बंद होतो. बसलेली फांदी तोडण्यासारखाच हा प्रकार होय. जालात वर्तुळाकार जोडणी झाल्यासही असेच घडते. ईथरनेटच्या चौकटीत ती किती टप्पे फिरली, याची मोजदाद नसते. त्यामुळे सर्वांना उद्देशून पाठविलेल्या चौकटी वर्तुळात फिरत व वाढत राहतात आणि व्यवस्थापनाच्या संदेशांना वाट उरत नाही. अशी वर्तुळे टाळण्यासाठी स्विच परस्परांत संदेश पाठवून जादा जोडण्या तात्पुरत्या बंद ठेवतात, परंतु या योजनेलाही मर्यादा आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टन येथील बेथ इझ्राएल डीकनेस वैद्यकीय केंद्राचे जाल या मर्यादा ओलांडल्यामुळे सु. चार दिवस विस्कळीत झाले व रुग्णालयाला कागदी नोंदींचा आश्रय घ्यावा लागला.

दुसरे उदाहरण ४ ऑक्टोबर २०२१ चे आहे. फेसबुक कंपनीच्या जगभरच्या आधारजालाची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेमुळे त्या जालातील सर्व जोडण्या तुटल्या. तेथील उपकरणे प्रामुख्याने मार्गक (राउटर) असली, तरी त्यातून मिळणारा धडा स्विचलाही लागू आहे. आणीबाणीसाठी राखलेले स्वतंत्र व्यवस्थापन-जालही त्या वेळी उपलब्ध झाले नाही. अखेर अभियंत्यांना माहितीकेंद्रांत प्रत्यक्ष पाठवावे लागले आणि सु. सहा तास सेवा बंद राहिली. पर्यायी मार्ग मुख्य मार्गावर कोठेही अवलंबून असता कामा नये, हे तत्त्व या घटनेने अधोरेखित केले.

या धोक्यावर काही साधे उपाय आहेत. जोखमीचा बदल करण्यापूर्वी ‘रीलोड इन १०’ ही आज्ञा दिल्यास दहा मिनिटांनी स्विच पुन्हा सुरू होतो. बदलामुळे जोडणी तुटली, तर बदल स्थायी स्मृतीत उतरविलेला नसल्याने स्विच जुन्या मांडणीसह परत येतो. जोडणी टिकली, तर ‘रीलोड कॅन्सल’ या आज्ञेने पुनरारंभ रद्द करून मग मांडणी जतन करतात. ज्युनिपर कंपनीच्या उपकरणांत ठराविक वेळात पुष्टी न दिल्यास बदल आपोआप मागे घेण्याची सोय आहे. मोठ्या ठिकाणी सर्व स्विचांचे कन्सोल पोर्ट एका कन्सोल-सेवकाला जोडून त्याला दूरध्वनी वा मोबाइल जाळ्यामार्फत वेगळा मार्ग देतात. याला जालबाह्य व्यवस्थापन म्हणतात.

प्रवेशाचे नियमन : अनेक व्यक्ती एकच परवलीचा शब्द वापरीत असल्यास कोणता बदल कोणी केला हे सांगता येत नाही व एखादी व्यक्ती नोकरी सोडून गेल्यावर सर्व स्विचांवरील शब्द बदलावे लागतात. म्हणून मोठ्या संस्थांत रेडिअस किंवा टॅकॅक्स प्लस या पद्धतींनी प्रत्येकाची ओळख मध्यवर्ती सेवकाकडून तपासून घेतात. सेवकाशी संपर्क तुटल्यास उपयोगी पडावे, म्हणून स्विचवर एक स्थानिक नावही राखून ठेवतात. व्यवस्थापनाची जोडणी कोणत्या पत्त्यांवरून स्वीकारावी याची यादी देणे, वापर नसलेली जोडणी ठराविक मिनिटांनंतर तोडणे आणि आज्ञांची नोंद दुसऱ्या यंत्रावर पाठविणे, हेही आवश्यक उपाय होत.

तथापि स्विच ठेवलेल्या कपाटाला कुलूप नसल्यास या सर्व उपायांचे मोल कमी होते. परवलीचा शब्द विसरल्यास तो टाळून आत शिरता यावे, म्हणून अनेक कॅटॅलिस्ट स्विचांच्या दर्शनी भागावर एक कळ दिलेली असते. ती दाबून धरून वीज सुरू केल्यास जुनी मांडणी वाचल्याविना स्विच चालू करता येतो. विसराळू मालकाला तारणारी ही सोय चोरालाही तितकीच उपयोगी पडते. काही स्विचांत ती बंद करता येते, परंतु तसे केल्यावर परवलीचा शब्द हरविल्यास सर्व मांडणीवर पाणी सोडावे लागते. अशा वेळी मांडणीची अन्यत्र ठेवलेली प्रत उपयोगी पडते.

अन्य पद्धती : आज्ञापंक्तीखेरीज न्याहाळकातून (ब्राउझरमधून) दिसणारी चित्रमय पृष्ठे, स्थितीचे मोजमाप गोळा करणारी एसएनएमपी ही पद्धत आणि २००६ मध्ये प्रथम मानक म्हणून प्रसिद्ध झालेली नेटकॉन्फ ही पद्धत यांद्वारेही स्विचचे व्यवस्थापन होते. शेकडो स्विचांना एकाच वेळी आज्ञा देणारे कार्यक्रमही आता सर्रास वापरतात. त्यांमुळे हाताने टंकलेखन करण्याचे काम कमी झाले आहे. मात्र अशा कार्यक्रमांपैकी कित्येक अंतर्यामी एसएसएचवरूनच बोलतात आणि जाल कोलमडते, तेव्हा तेही हतबल ठरतात. त्या प्रसंगी कपाटापाशी जाऊन फिकट निळी तार जोडणारा व सेकंदाला ९६० अक्षरांच्या गतीने उमटणाऱ्या ओळींचा अर्थ जाणणारा तंत्रज्ञच जाल पूर्वपदावर आणू शकतो.